वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेताना उरलेली बॅटरी कशी मोजावी?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून पुण्यात कर्वेनगरमध्ये राहतो. २०१४ साली आम्ही एक छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली, तेव्हा सोसायटीतल्या अनेकांनी आम्हाला वेड्यात काढले होते. त्या गाडीने मात्र इतकी वर्षे आमची उत्तम सेवा केली. आता पूर्ण चार्ज केल्यावरही ती जेमतेम ४० किलोमीटर चालते आणि तिच्या बॅटरीचे भाग मिळेनासे झाले आहेत. पेट्रोलच्या गाडीकडे परत जाण्याची आमची इच्छा नाही. रोजचा प्रवास २५ ते ३० किलोमीटरचा असतो. महिन्यातून एकदा आम्ही वाईजवळच्या गावी दोन रात्रींसाठी जातो आणि वर्षातून एक-दोनदा तिथून महाबळेश्वरला जातो. नऊ लाखांपर्यंत खर्च करता येईल. २०२१ ची, ४८ हजार किलोमीटर चाललेली टाटा नेक्सॉन ईव्ही. २०२० ची, ७० हजार चाललेली एमजी झेडएस ईव्ही. आणि टॅक्सीसाठी वापरलेली, सव्वा लाख किलोमीटर चाललेली, पण बरीच स्वस्त मिळणारी एक सेडान, अशा तीन गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. यांपैकी कोणती घ्यावी? आणि विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून न राहता बॅटरी किती उरली आहे हे आमचे आम्हाला कळू शकेल का?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचे देता येणार नाही, म्हणून आधी तोच घेतो. पेट्रोलची गाडी कितीही जुनी झाली तरी तिची टाकी आकाराने तेवढीच राहते. इलेक्ट्रिक गाडीची टाकीच वर्षागणिक थोडी थोडी लहान होत जाते, हे तुमच्या जुन्या गाडीने तुम्हाला दाखवलेलेच आहे. ही घट गाडी किती किलोमीटर चालली यावरून नेमकी कळत नाही. तळघरातल्या सावलीत उभी राहून रात्रभर सावकाश चार्ज होणारी गाडी आणि एप्रिल-मेच्या उन्हात शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत तासन् तास उभी राहणारी, रोज जलद चार्जिंगवर जगणारी गाडी, या दोन्ही ४८ हजारच चाललेल्या असल्या तरी त्यांच्या बॅटऱ्यांचे आयुष्य सारखे उरलेले नसते. म्हणून किलोमीटरचा आकडा पाहून समाधान मानू नका. बॅटरीत किती युनिट मावतात ते मोजा.

हे मोजमाप वाटते त्याहून सोपे आहे. नवी असताना नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटची होती. विकणाऱ्याच्या संमतीने गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरू द्या आणि १५ अँपियरच्या प्लगमध्ये बसणारा, युनिट दाखवणारा छोटा मीटर मध्ये लावून ती रात्रभर १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करा. ८० टक्के म्हणजे सुमारे २४ युनिट बॅटरीत जायला हवेत. घरच्या चार्जिंगमध्ये दहा ते पंधरा टक्के वीज उष्णतेत वाया जाते, त्यामुळे नव्यासारख्या बॅटरीसाठी मीटरवर साधारण २७ युनिट दिसतील. समजा मीटरने २१ युनिटच दाखवले, तर बॅटरीत प्रत्यक्षात साडेअठरा गेले, म्हणजे पूर्ण क्षमता सुमारे २३ युनिट उरली आणि बॅटरी मूळच्या ७७ टक्क्यांवर आली, असा अर्थ होतो. मीटरवर २४ ते २५ युनिट दिसले, तर पाच वर्षांच्या गाडीबद्दल समाधान मानायला हरकत नाही. या हिशेबात दोन-चार टक्क्यांची चूक होऊ शकते, पण चांगली बॅटरी आणि थकलेली बॅटरी यांतला फरक त्यात लपत नाही.

एक काळजी मात्र घ्या. नेक्सॉनमध्ये लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी आहे. या प्रकारात बॅटरी अर्धी भरलेली असो वा पाऊण, तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज न केलेल्या गाडीच्या पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा खऱ्यापासून सरकलेला असू शकतो. म्हणून चाचणीच्या आधी गाडी एकदा सावकाश शंभर टक्क्यांपर्यंत चार्ज करून घ्यायला सांगा आणि मग ती वापरून २० टक्क्यांवर आणा. विकणारा रात्रभर गाडी चार्ज करू द्यायला तयार नसेल, तर सार्वजनिक जलद चार्जरवर २० ते ८० टक्के चार्ज करून चार्जरच्या पडद्यावरचे युनिट लिहून घ्या. तिथली वीज थेट बॅटरीत जाते, त्यामुळे वाया जाणारा भाग बराच कमी असतो आणि नव्यासारख्या बॅटरीसाठी १८ युनिटांहून थोडे जास्त दिसायला हवे. खर्च तुम्ही देण्याची तयारी दाखवा. यातली एकही चाचणी करू न देणाऱ्याची गाडी, ती कितीही देखणी असली तरी, घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मिळत असेल तर तोही मागा, पण आपल्या मोजमापाला पर्याय म्हणून नको, पडताळा म्हणून.

आता तुमची गरज. तुमच्या घराजवळच वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत या नेक्सॉनने एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर गाठले होते, म्हणजे युनिटला दहा किलोमीटरहून थोडे अधिक. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरवून दिलेल्या मंद वेगाने होते. तिच्यात कात्रजचा चढ नसतो, मेमधला एसी नसतो आणि महामार्गावर सतत ८०-९० चा वेगही नसतो. प्रत्यक्षात युनिटला सात किलोमीटर धरून चालणे शहाणपणाचे आहे. बॅटरी ८५ टक्क्यांवर असेल तर तिच्यात सुमारे साडेपंचवीस युनिट मावतात, आणि त्यातला पंधरा टक्के भाग राखीव ठेवला तर हाताशी जवळपास दीडशे किलोमीटर उरतात. तुमच्या रोजच्या ३० किलोमीटरला हे भरपूर झाले, आणि वाईला जायचे सुमारे ९० किलोमीटरही त्यात निवांत बसतात. जाऊन-येऊन एका चार्जमध्ये मात्र होणार नाही, आणि तुम्ही तिथे दोन रात्री राहता म्हणून तशी गरजही नाही.

फक्त गावच्या घरी आर्थिंग चांगले असले पाहिजे, आणि हा मुद्दा मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण अनेकांची फजिती इथेच होते. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर वीज घेण्याआधी आर्थिंग तपासतो आणि ते नसेल किंवा कमकुवत असेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. जुन्या वाड्यांमध्ये आणि शेतघरांत प्लगला तिसरे भोक असते, पण त्याची तार कुठेच गेलेली नसते. गाडी घेण्याआधीच गावच्या वायरमनकडून आर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि मीटरपासून थेट जाडसर तार ओढून, स्वतंत्र एमसीबी लावून, चांगल्या प्रतीचा १५ अँपियरचा एक प्लग बसवून घ्या. या प्लगवरून तासाला साधारण तीन युनिट भरतात, म्हणजे रिकामी होत आलेली गाडी भरायला नऊ-दहा तास लागतात. मध्येच भारनियमन झाले तरी दोन रात्री हाताशी असल्यामुळे चिंता नाही. एक्स्टेंशन बोर्ड मात्र कधीही वापरू नका. इतका वेळ सतत भार वाहण्यासाठी तो केलेला नसतो आणि तो तापून वितळतो.

महाबळेश्वरचा हिशेबही करून पाहू, कारण घाटाची भीती अनेकांच्या मनात असते आणि ती आकड्यांनीच दूर होते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर आणि महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. माणसे आणि सामान धरून १७०० किलो वजनाची गाडी साडेसहाशे मीटर वर न्यायला, केवळ उंचीसाठी, तीन युनिट लागतात. पसरणीच्या घाटातून महाबळेश्वरपर्यंतच्या ३०-३२ किलोमीटरच्या रस्त्याचे साडेचार युनिट वेगळे. म्हणजे वर पोहोचेपर्यंत आठ युनिट गेले असे समजा. उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि चढाला खर्च झालेल्या ऊर्जेतला बराच भाग बॅटरीत परत येतो. वर मुक्काम करून हॉटेलात गाडी चार्ज करणार असाल तर ती शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी ऊर्जा ठेवायला जागा नसते, आणि मग उतारभर सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

तिन्ही गाड्यांबद्दल. टॅक्सीची सेडान मी सोडून देईन. टॅक्सी दिवसभर धावते आणि बहुतेक वेळा जलद चार्जिंगवरच भरली जाते. शिवाय व्यावसायिक नोंदणीची गाडी खासगी करून घेण्यासाठी आरटीओत परमिट रद्द करण्यापासूनचे सोपस्कार करावे लागतात. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर गाडी व्यावसायिक आणि पांढरी असतील तर खासगी, एवढे पाहून तुम्हाला दारातच ओळखता येईल. अगदी जुन्या टॅक्सी-गाड्यांपैकी काहींचे जलद चार्जिंगचे सॉकेटही वेगळ्या, कमी क्षमतेच्या प्रकारचे होते, आणि आज महामार्गावर सगळीकडे सीसीएस-२ प्रकारच्याच चार्जिंग गन (गाडीत खोचायची केबलची टोके) मिळतात.

झेडएस आकाराने मोठी आणि आरामदायी आहे, तिची ४४.५ युनिटची बॅटरी वीस टक्के घटली असली तरी या नेक्सॉनच्या नव्याकोऱ्या बॅटरीपेक्षा जास्त वीज साठवते. तुम्ही दर महिन्याला कोल्हापूरला जात असतात, तर मी तिच्याकडे झुकलो असतो. पण तुमच्या वापराला तेवढ्या बॅटरीची गरज नाही, आणि ती गाडी एक वर्षाने जुनी असल्यामुळे तिच्या बॅटरीच्या आठ वर्षांच्या हमीतले तेवढे वर्ष कमी उरले आहे. नेक्सॉनच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत हमी होती. ४८ हजार चाललेल्या गाडीला तुमच्या वापराने किलोमीटरची मर्यादा लागणारच नाही, आणि २०२९ पर्यंत तुम्हाला आधार राहील. चाचणीत बॅटरी ८५ टक्क्यांच्या आसपास निघाली तर नेक्सॉन घ्यावी, असा माझा सल्ला आहे. ८० च्या खाली निघाली तर किंमत बरीच कमी करून घ्या किंवा दुसरी शोधा. घाई करण्यासारखे काही नाही, बाजारात या गाड्या येत राहतात.

हमीचे कागद मात्र स्वतः वाचा. हमी दुसऱ्या मालकाकडे पूर्ण जाते की अटींसह, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी बॅटरी दुरुस्त करून देते, आणि सगळ्या सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच झालेल्या असणे बंधनकारक आहे का, या तीन गोष्टी त्यात शोधा. अलीकडे काही नव्या गाड्यांना 'आजीवन' हमी मिळते, पण ती बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते.

शेवटी, जलद आणि साधे अशी दोन्ही प्रकारची चार्जिंग स्वतः उभे राहून करून पाहा. मी पहिली वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा घरच्या प्लगवर ती व्यवस्थित चार्ज झाली म्हणून जलद चार्जिंग तपासलेच नाही. दुसऱ्याच आठवड्यात मुंबईहून परतताना द्रुतगती मार्गावर तीन चार्जर बदलूनही एकानेही गाडी ओळखली नाही, कारण सॉकेटच्या आतली एक पिन जळलेली होती. लहान मुले आणि वयस्क आई गाडीत असताना खोपोलीत घालवलेली ती रात्र मी विसरलेलो नाही. याशिवाय गाडी रॅम्पवर घेऊन बॅटरीच्या पेटीला खालून पोचे किंवा ओरखडे आहेत का ते पाहा, १२ व्होल्टची छोटी बॅटरी कधी बदलली ते विचारा, कारण ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि गाडीसोबत मिळालेली चार्जिंगची केबल सोबत देणार आहेत ना, याची खात्री करा. ती नवी घ्यायला बरेच पैसे पडतात.

तुमची जुनी गाडी साध्या भंगारवाल्याला देऊ नका. लिथियमची बॅटरी फोडली किंवा दाबली गेली तर आग लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापनाच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून आधी कंपनीकडे लेखी विचारणा करा. गाडी मोडीतच काढायची असेल तर शासनाकडे नोंदलेल्या केंद्रात द्या आणि तिथून मिळणारे प्रमाणपत्र दाखवून आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्या.

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावर राहतो. आमच्याच भागातली २०२२ ची एक इलेक्ट्रिक गाडी बाजारभावापेक्षा दीड लाखाने स्वस्त मिळते आहे. गाडी आतून-बाहेरून चकचकीत आहे. शंका घ्यावी का?

उत्तर : जरूर घ्यावी. तुमच्या भागाचे नाव वाचताच मला २५ जुलै २०२४ ची पहाट आठवली. त्या दिवशी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने एकतानगरीतल्या इमारतींची तळमजल्यावरची पार्किंग बुडवली होती. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने सहकारनगर-अरण्येश्वर भागात कितीतरी गाड्या वाहून नेल्या. पाण्यात राहिलेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, म्हणून तिचे दिसणे हा पुरावा नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीची पेटी बहुधा आयपी-६७ दर्जाची असते, असे विक्रेते अभिमानाने सांगतात आणि ते खरेही आहे. पण त्या दर्जाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे एवढाच आहे; गढूळ पाण्यात काही तास बुडून राहिलेल्या गाडीबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय बॅटरी कोरडी राहिली तरी नारिंगी रंगाच्या जाड तारांचे जोड, मोटरचा नियंत्रक आणि सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर गंजू लागतात, आणि तो गंज वर्ष-दीड वर्षाने त्रास देऊ लागतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का ते पाहा. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा आणि गालिच्याखालचा फोम तपासा. सर्व्हिस सेंटरमध्ये उच्च दाबाच्या यंत्रणेची इन्सुलेशन तपासणी करून लेखी निकाल घ्या. आणि एक कागद आवर्जून मागा: मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी. क्लेम नसेल तर पॉलिसीवरची नो क्लेम बोनसची सवलत पहिल्या वर्षी २०, मग २५, मग ३५ टक्के अशी वाढत जाते. मालक तोच असूनही २०२४ नंतरच्या नूतनीकरणात ती एकदम शून्यावर आली असेल, तर बहुधा त्या वर्षी क्लेम झाला आहे. तो कशासाठी आणि किती रकमेचा होता, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. उत्तर टाळले गेले तर दीड लाखाचा मोह सोडा.

प्रश्न : पिंपळे सौदागरच्या एका डीलरकडे आणि थेट मालकाकडे अशा दोन सारख्याच गाड्या आहेत. डीलर म्हणतो की वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून किंमत जास्त आहे. हे खरे आहे का? आणि थेट मालकाकडून घेताना कागदपत्रांत काय पाहावे?

उत्तर : अर्धे खरे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत व्यावसायिकाने विकलेल्या वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर १२ वरून १८ टक्के करण्याचे ठरले. पण हा कर गाडीच्या संपूर्ण किमतीवर नसून डीलरच्या नफ्यावर असतो. त्याने सात लाखांना घेतलेली गाडी आठ लाखांना विकली तर कर एक लाखावर, म्हणजे १८ हजार रुपये होतो. आठ लाखांवर १८ टक्के कोणी मागत असेल तर स्पष्ट नकार द्या. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर हा कर लागतच नाही.

थेट मालकाकडून घेताना आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते परिवहन विभागाच्या पोर्टलवर पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विम्याच्या बाबतीत अनेक जण गाफील राहतात: मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि तो बदल होईपर्यंत आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडू शकते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याचकडे राहतो, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल हे गृहीत धरा.

एक गोष्ट कागदावर नसते. या गाड्या मोबाइलवरच्या अ‍ॅपला जोडलेल्या असतात, आणि आधीच्या मालकाच्या खात्यात गाडी राहिली तर ती कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहते. काही गाड्यांची कुलुपेही अ‍ॅपवरून उघडतात. शेवटचा हप्ता देण्याआधी दोघांनी एकत्र बसून त्याच्या खात्यातून गाडी काढून घ्या, तुमच्या मोबाइल क्रमांकावर ती नोंदवा, आणि घरी बसवलेला भिंतीवरचा चार्जर किमतीत धरला असेल तर तो काढून तुमच्याकडे बसवून देण्याचा खर्च कोण करणार, हे त्याच वेळी लिहून घ्या.